रात्री धुतली जाते, तीच चमक बरी

लग्नसराई आली की चेहऱ्याच्या प्रसाधनांत ‘क्रीम हायलायटर’ला मान मिळतो. थेंबभर क्रीम बोटावर घ्यायचे, गालाच्या उंचवट्यावर, नाकाच्या दांड्यावर, भुवईखाली अलगद टेकवायचे, की चेहरा आतून उजळल्यासारखा दिसतो. डबीवर ‘नॅचरल ग्लो’ असे छापलेले असते. खरे तर या चमकेत नैसर्गिक असे काहीच नाही, आणि हाच तिचा मोठा गुण आहे. काळजी करायची ती दुसऱ्या चमकेची, जी तोंड धुतल्यावरही जात नाही.

हायलायटरचे काम निव्वळ प्रकाशाचे आहे. त्यातील मुख्य घटक बहुधा अभ्रक असतो. अभ्रकाच्या सूक्ष्म पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ थर दिलेला असतो आणि हे पापुद्रे तेल, मेण किंवा सिलिकोनमध्ये कालवलेले असतात. ते प्रकाश परत फेकतात, त्यामुळे गालाचा उंचवटा ओलसर आणि टवटवीत भासतो. हे कण त्वचेच्या पृष्ठभागावरच राहतात. रात्री चेहरा धुतला की त्वचा सकाळी होती तशीच असते.

अर्थात, निरुपद्रवी वस्तूही पारखूनच वापरावी. नवे क्रीम थेट चेहऱ्यावर लावू नये. कोपराच्या आतील बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, असे आठवडाभर लावून पाहावे. खाज, लाली किंवा पुरळ आले तर ते क्रीम आपले नाही. ही ॲलर्जी अनेकदा सुगंधी द्रव्यांची किंवा टिकाऊपणासाठी घातलेल्या रसायनांची असते. मुरुमांचा त्रास असलेल्यांनी तेलकट, मेणयुक्त क्रीम टाळावे. दुकानातील उघडा नमुना हाताच्या पाठीवर लावून पाहण्यास हरकत नाही, पण तो ओठांना वा डोळ्यांजवळ लावू नये. अनेकांची बोटे लागलेल्या डबीतून जंतूही येतात.

आता दुसरी चमक. गेल्या काही वर्षांत जाहिरातींतून ‘गोरेपणा’ हा शब्द मागे पडला. २०२० मध्ये तर एका घराघरांत पोहोचलेल्या क्रीमच्या नावातील ‘फेअर’ जाऊन तेथे ‘ग्लो’ आला. शब्द बदलला, हे चांगलेच झाले. मात्र सावळ्या मुलीला दिले जाणारे सल्ले बदलले नाहीत. ‘मैत्रिणीने लावले, महिन्यात चेहरा उजळला’ अशा शिफारशीवर मेडिकलच्या दुकानातून आणलेल्या ट्यूबमध्ये अनेकदा स्टेरॉइड असते. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही नावे ट्यूबवर बारीक अक्षरांत असतात. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, रंगद्रव्य कमी होते आणि पहिले काही आठवडे चेहरा खरोखरच नितळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, उन्हात आग होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुम आणि लव वाढते. क्रीम थांबवले की चेहरा लालबुंद होतो, म्हणून पुन्हा तेच लावले जाते.

हा प्रकार तुरळक नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, देशातील १२ केंद्रांच्या अभ्यासात त्वचारोग विभागात आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळपास १५ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते.

बेनामी ‘ग्लो क्रीम’ त्याहून घातक ठरू शकते, कारण त्यात पारा असू शकतो. पारा रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, पण त्वचेतून रक्तात शिरतो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन महिलांच्या मूत्रपिंडाच्या विकाराचे मूळ अशा क्रीममध्ये सापडल्याचे २०२३ च्या सुरुवातीला समोर आले. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातूनही असे रुग्ण नोंदवले गेले. लघवीला फेस येणे, पाय आणि डोळ्यांभोवती सूज येणे ही त्याची लक्षणे. वेळीच ओळखले तर मूत्रपिंड बहुधा सावरते.

कायदा नाही असे नाही. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० नुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालता येत नाही. नकळत राहिलेला अंशही दहा लाखांत एक भागापेक्षा अधिक चालत नाही. २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीविना विकण्याची सवलतही काढून घेण्यात आली. तरीही ही मलमे सर्दीच्या गोळीइतक्या सहज मिळतात. अन्न व औषध प्रशासनाने कारखान्यांपुरते न थांबता पार्लर, आठवडी बाजार आणि ऑनलाइन विक्रेत्यांकडूनही नमुने घ्यायला हवेत. ज्या डबीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही, ती ग्राहकानेही परत करावी.

असे क्रीम आधीच वापरात असेल तर? बेनामी क्रीम तत्काळ थांबवून लघवीतील प्रथिनांची तपासणी करावी आणि डबी डॉक्टरांना दाखवावी. स्टेरॉइडचे मलम महिनोन्‌महिने लावले असेल, तर ते त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली सोडवावे.

आणखी एक. चेहरा निस्तेज दिसणे हे कधी कधी लक्षण असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. फिकटपणासोबत धाप, थकवा, केस गळणे असेल तर आधी हिमोग्लोबिन आणि गरजेनुसार थायरॉइड तपासावे. हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, लोहाच्या गोळ्याही तेथे मिळतात.

लग्नाच्या दिवशी हौसेने हायलायटर लावावा, फोटोही छान येतील. फक्त कोणतीही डबी उघडताना एक प्रश्न विचारावा: ही चमक रात्री पाण्याने जाईल ना? उत्तर ‘नाही, ही कायमची आहे’ असे मिळाले, तर डबी तिथेच ठेवून यावी.