देवराईतील भूत कोणाचे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या नियोजित लघुपटाची संहिता आमच्याकडे वाचावयास आणून दिली. त्याने व त्याच्या चार मित्रांनी, कोणाही धंदेवाईक निर्मात्याच्या दारी न जाता, पदरचे पैसे घालून वीस मिनिटांचा एक भयपट करावयाचे योजिले होते. स्थळ शाहूवाडी तालुक्यातील एक देवराई. विषय मनुष्य व निसर्ग यांचा संबंध. एवढे ऐकूनच आम्हास आनंद झाला. परंतु संहिता वाचून खाली ठेविली तेव्हा त्या आनंदाचा मागमूसही उरला नव्हता.

कथा अशी होती. पुण्याचे तिघे तरुण आंबा घाटाच्या बाजूस सहलीस जातात आणि वाट चुकून एका वाडीत शिरतात. वाडीतील माणसे अबोल, रोखून पाहणारी. एक जख्ख म्हातारी हळदकुंकू लावलेले लिंबू त्यांच्या वाटेवर टाकते. पुढे अमावास्येच्या रात्री गावकरी त्या तिघांस देवराईत नेऊन देवीपुढे बळी देतात, आणि झाडांच्या मुळांतून रक्त झिरपू लागते. संपले! मनुष्य व निसर्ग यांच्या संबंधाविषयी एवढेच सांगावयाचे असेल तर ते न सांगितलेले बरे, असे आम्ही त्या विद्यार्थ्यास स्पष्ट सांगितले. तो नाराज झाला. तथापि हा दोष एकट्या त्याचा नव्हे. सांप्रत या जातीच्या कथांची एक साथच आली आहे. म्हणून त्याला जे सांगितले तेच येथे चारचौघांपुढे मांडीत आहोत.

इंग्रजीत या प्रकारास ‘फोक हॉरर’ म्हणतात. आपण त्यास लोकभयपट म्हणू. १९६८ ते १९७३ या काळात इंग्लंडात निघालेले तीन चित्रपट त्याचे मूळपुरुष मानले जातात. त्यांपैकी रॉबिन हार्डी यांचा १९७३ चा ‘द विकर मॅन’ सर्वांत प्रसिद्ध. त्यात एक पोलीस अधिकारी स्कॉटलंडच्या एका बेटावर येतो. बेटावर सफरचंदांचे पीक बुडालेले असते, आणि पुढील पीक चांगले यावे म्हणून बेटकरी त्यालाच वेतांच्या पुतळ्यात कोंडून जाळतात. बाहेरचा माणूस गावात येतो, गाव हसतमुखाने त्याला गिळते: हा साचा तेथून निघाला आणि आज जगभर चालू आहे. आमच्या विद्यार्थ्याने त्यातील सफरचंदे काढून तेथे लिंबू ठेविले, एवढाच काय तो फरक.

साचा उसना घेतला म्हणून आमची तक्रार नाही. कादंबरी उसनी घेतली, निबंध उसना घेतला, खुद्द चित्रपटही उसनाच घेतला. तक्रार निराळी आहे. ज्या भूमीत तो साचा घडला तेथे गावाचा जुना धर्म कित्येक शतकांपूर्वी नामशेष झालेला होता. त्या बेटावरचा मूर्तिपूजक हा दिग्दर्शकाने कल्पनेने उभा केलेला प्राणी. त्याची बदनामी झाली म्हणून रडणारे कोणी नव्हते. आपल्याकडची गोष्ट तशी आहे काय? मलकापुरापासून पश्चिमेस, कडवी नदीच्या खोऱ्यातून घाटमाथ्याकडे जावे, तो वाडीवाडीस देव आहे, देवाचे रान आहे, आणि त्या रानास भिऊन वागणारी हाडामांसाची माणसे आहेत. चित्रपटात ज्याला राक्षस ठरवावयाचे, तो उद्या तेथील बाजारात आपल्या शेजारी उभा असणार!

आता या भयाचे स्वरूप पाहा. देवराईचा नियम साधा असतो. तेथील झाड तोडू नये, फांदी मोडू नये, पडलेले वाळके लाकूडही चुलीसाठी उचलू नये. मोडील त्याला देव पाहून घेईल. बस्स, एवढेच ते भय. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून दाखविले की, आजूबाजूचे डोंगर बोडके झाले असता मूळच्या रानाचे अवशेष या भयाच्या आश्रयाने टिकून राहिले. अंजनी, जांभूळ, हिरडा, आणि मांडीएवढ्या जाडीचे गारंबीचे वेल जेथे अजून दिसतात तेथे बहुधा कोणा तरी शेंदूर माखलेल्या दगडाचा पहारा असतो. वनखात्याच्या पहारेकऱ्यास पगार द्यावा लागतो. या पहारेकऱ्याने वर्षाकाठी एका नारळावर काम केले.

आणि या रानाचे नुकसान कोणी केले? जांभ्या दगडाच्या सड्यांखाली बॉक्साइट सापडले, तेव्हा या तालुक्यात यंत्रे आली ती काही वाडीवाल्यांनी बोलावून आणिली नव्हती. उत्तरेस चांदोलीचे रान १९८५ मध्ये अभयारण्य, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि २०१० मध्ये कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले; त्यासाठी अनेक गावे उठली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते रान राखिले ते पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे अर्ज करीत बसले. रान राखणे अवश्यच होते. २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत चांदोलीचे नाव गेले याचा आम्हासही अभिमान आहे. परंतु त्या वारशाची किंमत कोणी मोजली, हे विसरून चालणार नाही. मग घाटमाथ्यावर सुट्टी घालविणाऱ्यांची वर्दळ वाढली, त्यांच्यामागून बाटल्या आल्या. असा सारा हिशेब असता, शहरातून आलेला तरुण हा निष्पाप कोकरू आणि वाडीवाला हा खाटीक, अशी कथा रचणे म्हणजे ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाच चोर म्हणून बांधण्यासारखे आहे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला कलावाद्यांचा. ते म्हणतील, ‘भयपटाने भय द्यावे, न्यायनिवाडा करणे हे त्याचे काम नव्हे.’ कबूल. पण खोट्या भयाने खरा काटा येत नाही, हाही कलेचाच नियम नव्हे काय? कोल्हापुराच्याच परंपरेकडे पाहा. बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. त्यातील काळोखात बुडालेली झोपडी आणि तेथे विव्हळणारे कुत्रे ही ज्यांनी पाहिली त्यांच्या स्मरणातून ती पुढे जन्मभर गेली नाहीत. पडद्यावर भूत नव्हते; होता तो कर्जाचा कागद. शेतकऱ्याची जमीन गिळणारे जे काही होते त्याचे नाव सर्वांस ठाऊक होते, म्हणून ते भय बोचले.

गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी १९७७ मध्ये केलेला ‘जैत रे जैत’ हा तर आमच्या मते या विषयावरील मराठीतील सर्वांत खोल चित्रपट. त्यास कोणी भयपट म्हणत नाही, हा भाग निराळा. राणीमाशीने डोळा घेतला म्हणून नाग्या लिंगोबाच्या डोंगराशी वैर धरतो, पोळी उतरवितो, जिंकतो. आणि त्या जिंकण्यात चिंधी जाते. ‘जैत’ म्हणजे जय! त्या जयघोषाने अंगावर जो शहारा येतो तो कोणत्या अमावास्येच्या बळीने येणार आहे?

अलीकडचे उदाहरण २०१८ च्या ‘तुंबाड’चे. भाषेने हिंदी, पण मातीने, पावसाने आणि वाड्यांच्या अंधाराने तो मराठीच. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी त्यासाठी कित्येक वर्षे खर्ची घातली, एकदा चित्रित केलेले पुन्हा चित्रित केले. त्यातील हस्तर हा दैवत-राक्षस भीतिदायक आहे खरा. परंतु प्रेक्षक घरी जाताना भितो तो हस्तरला नव्हे, सुवर्णमुद्रांमागे धावणाऱ्या विनायकाला, आणि त्याहून अधिक, बापाकडून हाव शिकणाऱ्या त्याच्या मुलाला. या तिन्ही चित्रपटांत भयाचे आसन माणसाच्या हावेत किंवा अहंकारात आहे. ज्यांनी ते आसन ओळखिले त्यांचे चित्र टिकले.

दुसरा आक्षेप बुद्धिवाद्यांचा, आणि तो आम्ही अधिक आदराने घेतो. ‘देव पाहून घेईल’ या भयाची तुम्ही भलामण करिता. मग अंधश्रद्धेची करिता, असे ते म्हणतील. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राने नरबळी व जादूटोणा यांविरुद्ध कायदा केला. त्या कायद्याच्या बाजूस आम्ही निःसंशय उभे आहोत. परंतु नीट पाहिले तर या कायद्याच्या आत्म्याशी द्रोह करते ती त्या विद्यार्थ्याची संहिता. नरबळी हे ज्या गावाचे नित्यकर्म म्हणून दाखविले त्या गावाने तो कधी स्वप्नातही दिला नसेल. आणि ती लिंबू टाकणारी म्हातारी! एकटी, विधवा, जिच्या नावावर एखादा वावराचा तुकडा आहे अशा स्त्रीस चेटकीण ठरविताना जे चित्र लोकांच्या डोळ्यांपुढे नाचविले जाते, तेच आपण हौसेने, उत्तम प्रकाशयोजनेसह, पडद्यावर नाचवावयाचे काय?

देवराईचे भय आणि चेटकिणीचे भय ही दोन्ही भयेच. पण एक माणसाचा हात आवरते, दुसरे माणसावर हात उगारते. हा भेद ज्याला कळत नाही त्याने लोकभयपट करू नये, आणि त्यावर टीकाही करू नये.

तथापि गाव म्हणजे पुण्यवंतांचा मेळा, असे भाबडे चित्र आम्हास मुळीच नको. ज्या देवाने झाडास अभय दिले त्याच देवाच्या नावाने काही माणसांस सीमेबाहेर उभे केले गेले, हे आम्ही जाणतो. आणि आज देवराईवर कुऱ्हाड येते ती पुष्कळदा नास्तिकाच्या हातून नव्हे, भक्ताच्याच हातून. मुंबईस गेलेल्या मंडळींची वर्गणी येते, जीर्णोद्धार निघतो, कौलारू छपराच्या जागी सिमेंटचा कळस आणि पायाखाली गुळगुळीत फरशी येते. सभामंडपास जागा हवी म्हणून देवाचीच झाडे देवासाठी पडतात. अशा कथा सह्याद्रीच्या कित्येक गावांतून ऐकू येतात. आम्ही विचारतो, याहून भयंकर कथानक कोणत्या लेखकास सुचले आहे? दैवत भक्तांच्या गर्दीत हळूहळू उघडे पडत आहे, सावली रोज वीतभर मागे हटत आहे, आणि आरती मात्र अधिकाधिक मोठ्याने चालली आहे! यात रक्ताचा एक थेंब नको.

हे सारे ऐकून तो विद्यार्थी म्हणाला, ‘सर, एकदा जागा तरी पाहा.’ आम्ही गेलो. पावसाची झड नुकतीच उघडली होती. रानात शिरताच अंधारून आले. गळणाऱ्या पाण्याखेरीज आवाज नव्हता. मुलांनी कॅमेरा मांडिला. चौकटीत एक फांदी आडवी येत होती. त्यांच्यापैकी एकाने काही विचार न करिता ती कडकन मोडली व बाजूस फेकली. वाट दाखविण्यास आलेले वाडीतील आजोबा तोवर गप्प बसले होते. ते उठले, त्यांनी ती फांदी उचलली, दगडाच्या देवापाशी नेऊन ठेविली आणि बराच वेळ तेथेच हात जोडून उभे राहिले. रागाचा एक शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. परतताना मात्र त्यांनी आमच्या विद्यार्थ्यास विचारले, ‘पोरं सुखरूप घरी पोचली म्हणजे मला सांगशील न्हवं?’

निसर्गावर चित्र काढावयास निघालेल्या आपण सुशिक्षितांनी त्या रानाचा एकमेव नियम पहिल्या घटकेतच मोडला, आणि ज्याला आपण संहितेत खाटीक केले होते तो आमच्यासाठी दयेची भीक मागत उभा राहिला. त्या क्षणी आम्हास जे भय वाटले ते आम्ही विसरणार नाही.

स्वतंत्रपणे चित्र काढणाऱ्या तरुणांस आमचे सांगणे थोडे आहे. तुमच्यापाशी पैसा नाही, हे तुमचे भाग्य समजा. धूर सोडणारी यंत्रे, रात्री रान उजळणारे दिवे, खिळे ठोकून उभे केलेले देखावे यांची तुम्हास गरजही नाही. एक कॅमेरा, ध्वनी टिपणारे एक चांगले यंत्र आणि पाऊस थांबेपर्यंत बसून राहण्याची तयारी एवढे पुरे. प्रथम वाडीत चार दिवस राहा, परवानगी केवळ वनखात्याची नव्हे, गावाचीही घ्या. गावाच्या बोलीतील संवाद गावाकडून तपासून घ्या. आणि तयार झालेले चित्र महोत्सवास पाठविण्यापूर्वी त्यांच्या देवळाच्या भिंतीवर दाखवा. तेथे लोक हसले तर तुमचे भय खोटे, संतापले तर तुमचा न्याय खोटा. तेथे ते गप्प झाले, तर मात्र खुशाल जगभर फिरवा.

त्या विद्यार्थ्याने जुनी संहिता बाजूस ठेविली आहे. नवीत पुण्याचे तरुण आहेत, पण मरत कोणी नाही. एक मोडलेली फांदी आहे, आणि सुखरूपतेचा निरोप पाठवावयाचे विसरून गेलेली माणसे आहेत. चित्र कधी पुरे होईल ते सांगवत नाही. निरोप मात्र आम्ही त्याला त्याच रात्री पाठवावयास लाविला होता.