कूस बदलताना

शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी अंथरुणातील दिवस रुग्णाची आणि घराची परीक्षा पाहतात. डहाणू तालुक्यातील वाढवणसारख्या किनाऱ्यावरच्या गावात दमट हवेने अंग घामेजते. अशा ओलसर त्वचेवर एकाच जागी भार राहिला, तर माकडहाड, खुबे व टाचा येथे शय्याव्रण होण्याचा धोका वाढतो.

म्हणून डॉक्टरांची मनाई नसल्यास साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी. पाठीशी उशी देऊन रुग्णास सुमारे ३० अंश कलते ठेवावे. गुडघ्यांमध्ये मऊ उशी द्यावी; पोटऱ्यांखाली गोधडीची घडी ठेवून टाचा अधांतरी ठेवाव्यात. रुग्णास ओढू नये. दोघांनी चादरीसह उचलून सरकवावे. खुब्याची शस्त्रक्रिया किंवा जांघेतून अँजिओग्राफी झाली असल्यास पाय कसा ठेवावा, हे रुग्णालयातून निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

पाठ रोज पाहावी. लाल डाग बोटाने दाबूनही फिका होत नसेल, तर तो चोळू नये. तेथील भार काढून डॉक्टरांना दाखवावे. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. तेथे हाताला ऊब वा कडकपणा जाणवतो का, हे पाहावे.

आणि ज्येष्ठ वाचकहो, रात्री लेकी-सुनेला हाक मारण्याचा संकोच करू नका. एका हाकेने टळणारी जखम भरून येण्यास कित्येक महिने लागू शकतात.