झीरो टर्न घ्यायचंय? आधी सांगा, त्यावर बसणार कोण?



लॉन कटिंगच्या धंद्यावरचा आपला व्हिडिओ झाल्यावर एक तरुण थेट देवपूरच्या दुकानावर आला. हातात कोटेशन. म्हणाला, "सर, झीरो टर्न राइड-ऑन घेतोय. धुळ्यात आणि जळगावात एवढे लॉन्स झालेत, सगळ्यांचं गवत मीच कापणार. फक्त एवढं सांगा, लिव्हरवालं घेऊ का स्टीअरिंगवालं?"

मी स्वतः मशीन विकतो. गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात आलं की 'घ्या' म्हणणं मला सोपं आहे. त्याला मी उलट विचारलं, "त्यावर बसणार कोण?" तो म्हणाला, "ठेवू एखादा पोरगा."

सगळं चुकतं ते इथेच, असं माझं मत आहे. कंट्रोल निवडायचा तो बसणाऱ्या माणसाकडे आणि जमिनीकडे बघून. पैसे देणाऱ्याच्या आवडीने निवडाल तर मशीन गोडाऊनमध्ये धूळ खात पडेल, नाहीतर कुणाचा तरी पाय मोडेल. का, ते नीट सांगतो.

हे मशीन वळतं कसं?

झीरो टर्न म्हणजे जागच्या जागी गोल फिरणारं मशीन. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या हेस्टन गावी जॉन रेगियर यांनी १९६४ मध्ये 'हसलर' नावाने असं मशीन आणलं. आजही मूळ तत्त्व तेच आहे. मागच्या दोन चाकांना दोन वेगवेगळे हायड्रोस्टॅटिक ड्राइव्ह असतात, डाव्याला वेगळा आणि उजव्याला वेगळा. पुढची दोन चाकं मॉलमधल्या ट्रॉलीच्या चाकांसारखी मोकळी फिरतात, त्यांच्यावर कुणाचाच ताबा नसतो. सीटच्या दोन्ही बाजूंनी मांडीवर येणारे दोन लिव्हर म्हणजे लॅप बार. दोन्ही पुढे ढकलले की मशीन पुढे, दोन्ही मागे ओढले की मागे. एक कमी, एक जास्त केला की मशीन वळतं. एक पुढे आणि एक मागे केला की जागेवर गिरकी. ब्रेकचं पेडल शोधू नका. चालताना थांबायचं तेही लिव्हर मधल्या जागेवर आणूनच. पार्किंग ब्रेक असतो, पण तो उभ्या मशीनसाठी.

आपल्याकडे ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे अर्धं माहीतच असतं. शेताच्या माथ्यावर वळताना आपण एका बाजूचा ब्रेक दाबतो ना? चाल तीच आहे. फरक एवढाच, की ट्रॅक्टरची पुढची चाकं स्टीअरिंगचं ऐकतात, याची ऐकत नाहीत.

बीबीए विरुद्ध बैलजोडी

मागे एकदा डेमोसाठी आलेलं मशीन आम्ही ओळखीच्या एका लॉन्सवर नेलं होतं. आधी मी बसलो. गाडी चालवतो, व्हिडिओ बघितलेत, मॅन्युअल वाचलंय, मग काय! लिव्हर पुढे केले, मशीन हिसका देऊन निघालं. हिसक्याने मी मागे गेलो, माझ्याबरोबर हात मागे आले, म्हणजे लिव्हरही मागे आले. मशीन थांबलं तसा मी पुढे झुकलो, लिव्हर पुन्हा पुढे. घोड्यावर बसल्यासारखं चाललं होतं. आजूबाजूची मंडळी हसत होती. नवीन माणसाचं पहिल्या दिवशी हेच होतं, तुमचंही होईल. हाताची कोपरं किंवा मनगटं कुठेतरी टेकवून ठेवली आणि वेग कमी ठेवला की ते थांबतं.

मग तिथले माळी आप्पा बसले. वय साठीच्या आसपास. गाडी कधी चालवलेली नाही, पण आयुष्यभर बैलांनी शेती केलेली. पाच मिनिटं दोन्ही लिव्हर हलवून बघितले आणि म्हणाले, "भाऊ, हाई ते बैलजोडीच शे." डावीकडे वळायचं तर डाव्या बैलाचा कासरा आवळायचा, उजव्याला चालू द्यायचं. इथेही डावा लिव्हर थोडा मागे घेतला की मशीन डावीकडे. अर्ध्या तासात आप्पा झाडाभोवती गोल कापत होते.

त्यानंतर पुन्हा मी बसलो, कारण मला माझी इज्जत परत मिळवायची होती! लॉनची एक बाजू पांझरेच्या अंगाला उतरती होती. सकाळीच स्प्रिंकलर चालले होते, गवत ओलं. उतारावर मागची चाकं घसरली. मी लिव्हर ओढतोय, पण चाकांना पकडच नाही. आणि पुढची मोकळी चाकं आपोआप उताराकडे वळली. मशीन तिरकं खाली गेलं आणि कंपाउंडच्या बुटक्या भिंतीला टेकून थांबलं. भिंतीच्या पलीकडे पुरुषभर खड्डा होता.

मशीनमध्ये दोष काहीच नव्हता. ओल्या उतारावर नेलं ते मी. त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. लॅप बारच्या मशीनमध्ये मागच्या चाकांची पकड गेली की ब्रेक आणि स्टीअरिंग दोन्ही एकदम जातात.

मग स्टीअरिंगवालं बरं का?

स्टीअरिंग व्हील असलेलं झीरो टर्नही मिळतं. कब कॅडेट कंपनीने ते अमेरिकेत चांगलंच लोकप्रिय केलं. त्यात पुढची चाकंही स्टीअरिंगबरोबर वळतात आणि मागच्या दोन चाकांचा वेग त्याच्याशी जुळवला जातो. पुढे-मागे जायला पायात पेडल. उतारावर ते जास्त ताब्यात राहतं आणि कार चालवणाऱ्याला लगेच जमतं. पण यंत्रणा जास्त गुंतागुंतीची, त्यामुळे किंमत जास्त. बिघडलं तर गल्लीतल्या मेकॅनिकला उघडता येईलच असं नाही.

माझा साधा हिशेब सांगतो:

सपाट लॉन, मधे भरपूर झाडं आणि खांब, रोज एकच ठरलेला माणूस चालवणार असेल, तर लॅप बार घ्या. हात बसला की त्याच्यासारखं काम दुसरं मशीन करत नाही.

माणसं बदलत राहणार असतील किंवा थोडाफार उतार असेल, तर स्टीअरिंगवालं बघा. पण पार्ट आणि सर्व्हिस कुठून मिळणार, हे डीलरकडून लिहून घ्या.

उतार जास्त असेल तर दोन्ही नको. बहुतेक कंपन्या १५ अंशांची मर्यादा देतात. म्हणजे साधारण पावणेचार मीटर पुढे गेल्यावर १ मीटर चढ. मोबाइलमधल्या लेव्हल ॲपने मोजता येतं. त्यापुढे आणि पाण्याच्या किंवा खड्ड्याच्या कडेला ब्रश कटरच वापरायचा. आणि ओलं असेल तर १५ अंशही विसरा.

आता आकड्यांवर येऊ

४२ इंची डेक म्हणजे १.०७ मीटर रुंदी. ताशी ८ किलोमीटर वेग धरला तर कागदावर तासाला साडेआठ हजार चौरस मीटर होतात. वळणं, एकावर एक येणारे पट्टे, झाडं यांत पाव भाग गेला असं धरा. उरले साधारण ६,४००, म्हणजे तासाला दीड एकराच्या थोडं वर. मागून चालत ढकलायचं २१ इंची मशीन ताशी ४ किलोमीटरने याच हिशेबात १,६०० चौरस मीटर करतं, म्हणजे १६ गुंठे.

म्हणजे एक एकराचं लॉन छोट्या मशीनने अडीच तासांत होतं, झीरो टर्नने पाऊण तासाच्या आत. वाचले पावणेदोन तास. आठवड्यातून एकदा कापायचं असेल, तर एवढ्यासाठी कर्ज काढायचं का? एकच लॉन असलेल्या मालकाला मी सरळ 'नको' म्हणतो.

दहा ठिकाणी काम घेणाऱ्याचं गणित वेगळं. समजा ५ लाख कर्ज घेतलं, मुद्रा योजनेत 'किशोर' गटाची मर्यादाही तेवढीच आहे. व्याज ११ टक्के आणि मुदत ५ वर्षं धरली तर हप्ता महिन्याला साधारण १०,९०० रुपये. समजा पेट्रोल, माणूस आणि वाहतूक वजा जाता एकरामागे तुमच्या हातात ७०० राहिले. तर फक्त हप्त्यासाठी महिन्याला १६ एकर कापले पाहिजेत. एक एकराची चार लॉन्स, प्रत्येक आठवड्याला, न चुकता. तुमचं घर चालणार ते सतराव्या एकरापासून. तुमच्या गावचे दर वेगळे असतील, तर तुमचे आकडे टाका. पण कोटेशनवर सही करायच्या आधी टाका.

आणि हे चार ग्राहक तोंडी नकोत, वर्षाचं काम कागदावर हवं. पावसाळ्यात गवत फुफाट्याने वाढतं तेव्हा सगळे फोन करतात. थंडीत वाढ मंदावते आणि तुळशीच्या लग्नानंतर तर लॉन्सच्या तारखा भरलेल्या असतात. आज लग्न, उद्या हळद, मग कापणार कधी? हप्ता मात्र त्याच तारखेला येतो.

घेण्याआधी हे तपासा

लॉनचं गेट मोजा, मशीन आत गेलं पाहिजे. छोटा हत्तीच्या हौद्यात बसतं का आणि चढवायला मजबूत रॅम्प आहे का, तेही बघा.

सीटवरून उठून बघा. माणूस उठला की पाती बंद झालीच पाहिजेत. सीटखालचा तो स्विच 'त्रास देतो' म्हणून कुणी बायपास करून देत असेल, तर त्या दुकानातून बाहेर पडा. मग ते दुकान माझं का असेना.

मागे रोलबार आहे का? रोलबार उभा असेल तेव्हा पट्टा लावायचाच. फांदीखालून जायला रोलबार पाडला तर तेवढ्यापुरता पट्टा काढायचा, कारण आडवं झालं तर उडी मारता आली पाहिजे.

लग्नानंतर लॉनवर मांडवाच्या खुंट्या, तारा, खिळे, नारळाच्या करवंट्या पडलेल्या असतात. पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास असतो. खिळा उडाला तर तो बंदुकीच्या गोळीसारखा लागतो. आधी वेचायचं, मगच मशीन सुरू. जवळ लहान मूल असेल तर मशीन बंद.

आणि जागेवर गिरकी घेण्याची हौस आवरा. आतलं चाक एका जागी रगडतं आणि गवत मुळासकट उपटतं. आपल्या काळ्या मातीत, पाणी दिलेलं असेल तर, अडीच-तीनशे किलोचं मशीन खड्डाच पाडतं. थोडं मागे घेऊन, दोन्ही चाकं फिरती ठेवून वळायचं. डेमो देणारा गिरकी दाखवून टाळ्या घेतो, लॉनचा मालक मात्र दुसऱ्या दिवशी तुमचं बिल कापतो.

आप्पांचं काय?

शेवटचा मुद्दा. मशीन आलं की मालकाच्या मनात पहिला विचार येतो, माळी कमी करू. मला हे पटत नाही. त्या लॉनचा खड्डा कुठे, स्प्रिंकलरचं तोंड कुठे, ओल कुठे राहते, हे आप्पांना झोपेतही माहीत असतं. महिनाभर ठेवलेल्या पोराला ते माहीत नसतं आणि पहिलं पातं तिथेच तुटतं. आप्पांना आठ दिवस शिकवा, पगार वाढवा आणि मशीनची किल्ली त्यांच्याच हातात द्या. पाच लाखांच्या मशीनवर सर्वांत स्वस्त माणूस बसवणं याला मी काटकसर म्हणत नाही.

तो तरुण त्या दिवशी कोटेशन घेऊन परत गेला. मी त्याला दोन २१ इंची मशीन आणि एक ब्रश कटर सुचवला. सहा महिने काम कर, चार वर्षांचे करार गोळा कर, आणि तोपर्यंत कायमचा एक माणूस तयार कर. मग त्या माणसालाच घेऊन डेमोला ये. लिव्हर का स्टीअरिंग, ते त्याला बसवून ठरवू.

त्याचा चेहरा जरा पडला होता, खरं सांगतो. माझंही त्या दिवसाचं मोठं बिल गेलं. पण ती बुटकी भिंत मला अजून आठवते.

तुमच्या गावात हिशेब कसा बसतो, तो कागदावर मांडून बघा. भेटू पुढच्या व्हिडिओत.