प्युमाच्या मागे, पायी

मुलांच्या शाळेचा ॲटलास घरात असेल तर दक्षिण अमेरिकेचे पान काढा. त्या खंडाच्या डाव्या कडेला अगदी खालपर्यंत चिकटलेला, बोटासारखा बारीक देश दिसेल. तो चिली. त्याच्यावरून खाली सरकत गेलात की शेवटी जमिनीचे तुकडे तुकडे होऊन समुद्रात विखुरलेले दिसतात. त्या टोकाच्या थोडे अलीकडे पुएर्तो नातालेस नावाचे लहानसे बंदर आहे आणि तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर तोरेस देल पाइने हे राष्ट्रीय उद्यान आहे. ग्रॅनाइटचे तीन उभे सुळके आकाशात घुसलेले आहेत, त्यांच्यावरून हे नाव पडले. 'तोरेस' म्हणजे मनोरे. १९५९ साली हे उद्यान झाले, १९७० साली त्याला आजचे नाव मिळाले.

जगभरचे लोक हे मनोरे पाहायला जातात. पण गेल्या काही वर्षांत आणखी एका कामासाठी तिथे माणसे जाऊ लागली आहेत. खांद्यावर कॅमेरा घेऊन, पायी चालत, मोकळ्या माळावर प्युमाचा फोटो काढायला. हा प्युमा पिंजऱ्यातला नव्हे, आणि फोटो काढणारा जीपमध्ये बसलेला नव्हे. त्याचे पाय आणि आपले पाय एकाच जमिनीवर!

आधी या प्राण्याची ओळख करून घेऊ. प्युमा हा मांजराच्या कुळातला, आपल्या बिबट्याएवढा, कधी त्याहून थोराड. अंगावर ठिपके नाहीत, पट्टे नाहीत, वाळलेल्या गवताचा एकच रंग. पिल्ले मात्र ठिपकेदार जन्मतात आणि मोठी होता होता ठिपके पुसले जातात. उत्तरेला कॅनडापासून दक्षिणेला चिलीच्या टोकापर्यंत तो सापडतो. अमेरिकेच्या दोन्ही खंडांत इतक्या लांबवर पसरलेला दुसरा जमिनीवरचा वन्य सस्तन प्राणी नाही. म्हणून त्याला नावेही पुष्कळ. एकट्या इंग्रजीत चाळीस. 'प्युमा' हे नाव मात्र पेरूकडच्या मूळ रहिवाशांच्या केचुआ भाषेतले. एवढा मोठा असून त्याला डरकाळी फोडता येत नाही. घरच्या मांजरासारखा तो घुरघुरतो.

आता कोणीही विचारील, अशा जनावराजवळ पायी जायचे म्हणजे वेडेपणा नाही का? आपल्या ताडोबात वाघ पाहायला गेलेल्या माणसाला जिप्सीतून खाली पाय ठेवता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण पॅटागोनियाची जमीन निराळी आहे. दाट जंगल नाही, गवताचे उघडे माळ आणि काटेरी झुडपे. माणसाला प्युमा दुरून दिसतो आणि प्युमाला माणूस त्याहून दुरून दिसतो. दुसरे असे की, प्युमा माणसाला सहसा भक्ष्य समजत नाही. त्याने माणसावर हल्ला केल्याच्या घटना घडल्या आहेत, नाही असे नाही, पण त्या फार थोड्या. तिसरे कारण सर्वांत मोठे. चिलीत १९८० पासून प्युमाच्या शिकारीला बंदी आहे. या उद्यानात आणि भोवतालच्या काही मोठ्या कुरणांत त्याच्यावर गोळी झाडली जात नाही, म्हणून तिथल्या प्युमांच्या काही पिढ्या माणसाला न घाबरता वाढल्या. बाकीच्या अमेरिकेत जन्मभर रानात राबलेल्या माणसालासुद्धा प्युमा कधी दिसलेला नसतो, इतका तो लपून राहतो.

उद्यानात ठरलेली पायवाट सोडून फिरायला मनाई आहे. म्हणून फोटोवाले बहुतेक करून उद्यानाच्या पूर्वेला लागून असलेल्या खासगी कुरणांत फिरतात. तिथे या कुरणांना 'एस्तान्सिया' म्हणतात. सार्मिएन्तो नावाचे मोठे तळे आणि लागुना आमार्गा म्हणजे खारट पाण्याचे तळे, यांच्या आसपास हा सगळा मुलूख आहे.

कामाची वेळ म्हणजे पहाट. प्युमा उन्हात बहुतेक झोपून असतो. त्याची हालचाल तांबडे फुटताना आणि दिवस मावळताना. म्हणून अंधारातच निघावे लागते. आपल्याकडे जून म्हणजे पावसाळ्याची सुरुवात, पण तिथे पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात जून-जुलै म्हणजे कडक हिवाळा, दिवस जेमतेम आठ तासांचा. बर्फात प्युमा उठून दिसतो, म्हणून पुष्कळ फोटोवाले नेमके याच दिवसांत जातात. आणि वारा! पॅटागोनियाचा वारा ताशी शंभर किलोमीटरच्याही वर जातो. माणूस हेलपाटतो, कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड उलटतो. अशा वाऱ्यात चार-पाच किलोची लांब भिंग आणि कॅमेरा घेऊन टेकड्या चढायच्या, उतरायच्या.

पण खरे काम फोटो काढणारा करीत नाही. ते माग काढणारा करतो. तो पहाटे एखाद्या उंचवट्यावर दुर्बीण लावून बसतो, आणि प्युमा शोधण्याऐवजी ग्वानाको पाहतो. ग्वानाको हा उंटाच्या कुळातला लांब मानेचा, लोकरीचा प्राणी, प्युमाचे मुख्य अन्न. चरणाऱ्या कळपात एखादा ग्वानाको उंचावर पहाऱ्याला उभा असतो. कळपातल्या सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या, कान टवकारले, आणि घोडा खिंकाळल्यासारखा आवाज आला, की समजायचे, त्या दिशेला प्युमा आहे. दुसरी खूण आकाशात. कोंडोर नावाची प्रचंड गिधाडे एका जागेवर घिरट्या घालू लागली, की तिथे शिकार पडलेली असण्याचा संभव. प्युमा एका बैठकीत सगळे खात नाही. उरलेले गवत-पाला ओढून झाकून ठेवतो आणि पुन्हा येतो. मग बर्फावरचे किंवा चिखलातले ठसे. ठसा ताजा की रात्रीचा, मादी एकटी की मागे पिल्ले, हे माग काढणारा सांगतो.

प्युमा दिसला म्हणून त्याच्यावर चालून जायचे नसते. थेट त्याच्या दिशेने गेले की तो उठून निघून जातो. म्हणून तिरके तिरके चालायचे, मधे थांबायचे, त्याची नजर वळली की खाली बसायचे. कधी तासन् तास नुसते बसून राहायचे. मादी आणि तिच्या पिल्लांच्या मधे कधीही यायचे नाही. चारी बाजूंनी वेढायचे नाही. त्याची आणि ग्वानाकोची गाठ पडण्याच्या बेतात असेल तर मधे जाऊन त्याची भाकरी मोडायची नाही. आणि चुकून फार जवळ आलाच तर? पळायचे नाही. पळणारे ते भक्ष्य, एवढेच मांजराच्या जातीला कळते. तोंड त्याच्याकडे ठेवून, एकमेकांना चिकटून, सावकाश मागे सरायचे.

ग्वानाकोची शिकार म्हणजे सोपे काम नव्हे. पूर्ण वाढलेला ग्वानाको शंभर किलोच्या आसपास, कधी त्याहूनही जड. प्युमाची मादी त्याच्या निम्म्याहून कमी. ती पोट जमिनीला घासत, झुडपाआडून झुडपाआड, काही मीटरपर्यंत जाते आणि मग उडी घेते. इंगो आर्न्ट या जर्मन छायाचित्रकाराने हाच क्षण टिपला. अनेक महिने तो गारठ्यात आणि बोचऱ्या वाऱ्यात पायी प्युमांच्या मागे फिरत होता. मादीने नराच्या अंगावर झेप घेतली आहे, लोकर उडते आहे, असा तो फोटो. २०१९ साली लंडनच्या निसर्ग इतिहास संग्रहालयाच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत सस्तन प्राण्यांच्या विभागात तो संयुक्तपणे पहिला आला. त्या झटापटीचे पुढे काय झाले? चार सेकंदांत ग्वानाको निसटला. मादी उपाशी राहिली. बक्षीस मिळालेल्या फोटोतल्या बाईला त्या दिवशी जेवण मिळाले नाही, हे आपल्या घरच्या बायकांना जास्त लवकर कळेल.

अशा लांब भिंगाची किंमत दहा लाख रुपयांच्या पुढे जाते. तेव्हा हे वाचून कोणी चिलीला निघेल अशी आमची अपेक्षा नाही. पण माग काढणाऱ्याची नजर कुठल्या दुकानात मिळते? ती कुठून आली, ते सांगण्यासारखे आहे.

उद्यान होण्याआधी हा सगळा मुलूख मेंढ्यांचा होता, आणि भोवती आजही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे मोठमोठ्या मेंढी-कंपन्या आल्या, लोकर युरोपला जाऊ लागली. मेंढ्या आल्या तशी ग्वानाकोची कुरणे गेली आणि प्युमा मेंढ्यांवर पडू लागला. मग मालकांनी प्युमा मारण्यासाठी माणसे पगारावर ठेवली. तिकडच्या साध्या बोलीत प्युमाला 'लेऑन' म्हणजे सिंह म्हणतात, म्हणून या माणसांना 'लेओनेरो'. घोडा, कुत्रे आणि बंदूक घेऊन हिवाळ्यात रानोमाळ हिंडायचे, ठसे वाचायचे, प्युमा गाठायचा, कातडे मालकापुढे टाकायचे. मेंढ्या मालकाच्या, लोकरीचा पैसा मालकाचा, थंडी मात्र लेओनेरोची.

मालकांना नकोसा होता तो केवळ प्युमा नव्हे. समुद्रधुनीच्या पलीकडे तिएरा देल फुएगो नावाचे मोठे बेट आहे. तिथे प्युमा नाहीच. तिथे सेल्कनाम नावाचे मूळ रहिवासी होते. त्यांच्या जमिनीवर मेंढ्या सोडल्या आणि भुकेपोटी त्यांनी मेंढ्या मारल्या, तेव्हा माणसे मारण्यासाठी दर माणशी पैसे देण्यात आले. सेल्कनाम संपले असेच पुढे पुस्तकांतून लिहिले गेले. त्यांचे वंशज 'आम्ही आहोत' म्हणत राहिले, आणि २०२३ साली चिलीच्या कायद्याने त्यांना जिवंत समाज म्हणून मान्यता दिली. या मेंढ्यांच्या माळाची गोष्ट सांगताना हे गाळून पुढे जाणे बरे नव्हे.

तर, शिकारीला बंदी आली, उद्यानात ग्वानाको पुन्हा वाढले, प्युमाही वाढले. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठाचे विल्यम फ्रँकलिन आणि त्यांचे सहकारी १९८०च्या दशकात प्युमांच्या गळ्यात रेडिओ पट्टे बांधून त्यांचा अभ्यास करू लागले. पुढे फोटोवाले आले. मग कळले की प्युमा कुठे आहे हे ज्याला सांगता येते तो त्या गावातलाच माणूस आहे. लेओनेरो आणि त्यांच्या हाताखाली वाढलेली मुले यांच्यापैकी काहीजण आज वाटाडे झाले आहेत. विद्या तीच, ठसे तेच, वाऱ्याची पारख तीच. फक्त शेवटी गोळीऐवजी कॅमेऱ्याचा खटका वाजतो. फोटोखाली नाव मात्र छापले जाते ते खटका दाबणाऱ्याचे. आम्हांला विचाराल तर त्याच ओळीत माग काढणाऱ्याचेही नाव यायला हवे. सिनेमात दिवे धरणाऱ्याचे नाव येते, मग इथे का नाही?

आपल्या मुंबईचेही एक उदाहरण आहे. नयन खानोलकर यांनी आरे वसाहतीतल्या वारली पाड्यात रात्री गल्लीतून जाणाऱ्या बिबट्याचा फोटो काढला. २०१६ साली त्याच लंडनच्या स्पर्धेत शहरी वन्यजीवांच्या विभागात तो पहिला आला. तो आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्याने काढलेला, कारण आपला बिबट्या रात्री फिरतो आणि पायी त्याच्यामागे जाणे म्हणजे संकट ओढवून घेणे. तरी तिथेही बिबट्याची वाट त्या पाड्यातल्या माणसांनाच ठाऊक होती. ती तर त्याच्या शेजारीच राहतात.

आता अडचणीची बाजू. माणसाला न घाबरणारा प्युमा फोटोसाठी उत्तम, पण प्युमाला तारेचे कुंपण कळत नाही. आज तो कॅमेऱ्यासमोर अंग चाटत बसला, उद्या शेजारच्या कुरणात गेला, तिथेही माणूस दिसला, आणि हा पळाला नाही. त्या माणसाच्या हातात कॅमेरा असेलच असे नाही. कायद्याने बंदी असली तरी आडरानात चोरून मारणे थांबलेले नाही. मारणाऱ्याला शिव्या देणे सोपे आहे. पण एका रात्रीत मेंढ्या गेल्या तर त्याचा जाब गुराख्याला द्यावा लागतो, आणि लहान मेंढीवाल्याचे तर वर्षच जाते. फोटोवाल्यांकडून येणारा पैसा एका कुरणाला मिळतो आणि मेंढ्या दुसऱ्या कुरणाच्या मरतात, हे या धंद्यातले खरे दुखणे आहे. ज्याच्या पोटाला चिमटा बसतो त्याच्या हातात काही पडले, तरच बंदूक खाली राहील.

उद्यानाच्या सीमेवरच्या सेर्रो गीदो या मोठ्या एस्तान्सियात त्यावर एक उपाय चालू आहे. तिथे मेंढ्याही आहेत आणि प्युमा पाहायला येणारे पाहुणेही. पांढऱ्या, दांडग्या राखणदार जातीच्या कुत्र्यांची पिल्ले लहानपणापासून मेंढ्यांत वाढवतात. मेंढ्यांच्या अंगाला अंग लावून ती झोपतात, त्यामुळे कळपालाच आपले घर समजतात. मोठी झाली की रात्री कळपाभोवती फिरतात, वास आला की भुंकतात. त्यांनी प्युमाला मारायचे नसते, कळपापासून लांब ठेवायचे असते. मेंढी मिळणे अवघड झाले की प्युमा टेकडीपलीकडे ग्वानाकोच्या मागे जातो, आणि सकाळी दुर्बीण घेऊन बसलेल्या माणसाला तो तिथेच सापडतो.