पंचवीस रुपयांची कपात

चेंबूर-माहुल पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यात काम करणाऱ्या ऑपरेटरच्या जून महिन्याच्या पगाराच्या स्लिपवर पी.एफ.च्या खाली एक जादा ओळ असते: ‘एल.डब्ल्यू.एफ. 25’. जुलैत ती ओळ दिसत नाही, डिसेंबरात पुन्हा उगवते. पंचवीस रुपयांसाठी अकाउंट्सच्या खिडकीशी कोण हुज्जत घालणार? त्यामुळे ही कपात कशाची, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. ती असते कामगार कल्याण निधीची. कामगाराच्या मुलाला कॉलेजसाठी मिळू शकणाऱ्या मदतीची एक वाट याच ओळीतून जाते.

हा निधी 1953 च्या मुंबई कामगार कल्याण निधी कायद्यातून आला. तो सांभाळणाऱ्या महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचं मुख्यालय प्रभादेवीला, हुतात्मा बाबू गेनूंच्या नावाच्या क्रीडाभवनात आहे. वर्षातून दोनदा कामगाराचे 12 आणि मालकाचे 36 रुपये, असा हिशेब बरीच वर्षं चालला. 2024 च्या दुरुस्तीनं तो 25 आणि 75 वर गेला. शिवाय सरकारची भर असते. कारखान्यांबरोबरच पाच किंवा अधिक माणसं कामाला असलेली दुकानं आणि ऑफिसंही यात येतात. म्हणजे चेंबूर स्टेशनबाहेरच्या कापडाच्या मोठ्या दुकानातला सेल्समनही या निधीचा वाटेकरी आहे. युनियनची पावती त्याच्याकडे असो वा नसो.

निधीचे आणखी दोन झरे कपातीपेक्षा मजेदार आहेत. उशिरा आल्याबद्दल वगैरे कामगाराकडून घेतलेला दंड मालकाला खिशात घालता येत नाही, तो निधीत भरावा लागतो. तसंच तीन वर्षांत कुणी न नेलेला पगार आणि बोनसही निधीकडे वळवायचा, असं कायद्यानं ठरवलं. यावर बॉम्बे डाईंग ही गिरणी कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. 1957 च्या अखेरीस न्यायालयानं दंडाची तरतूद उचलून धरली, पण न नेलेल्या पगाराची रद्द केली. त्यानंतर कायदा दुरुस्त झाला. आता नोटीस लावून हक्कदाराला पैसे मागण्याची संधी दिली जाते आणि मगच ती रक्कम निधीची होते. कुणा एकाच्या लेटमार्कमधून दुसऱ्याच्या मुलीची पुस्तकं येतात ती अशी.

या पैशातून मंडळ कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्ती देतं, पाठ्यपुस्तकांसाठी साहाय्य देतं, एम.एस.-सी.आय.टी. या संगणक अभ्यासक्रमाच्या फीचा भार उचलतं आणि परदेशी शिक्षणासाठीही काही रक्कम देतं. शिष्यवृत्तीला गुणांची अट असते. रकमा डोळे दिपवणाऱ्या नाहीत, इंजिनिअरिंगची अख्खी फी यातून निघणार नाही. पण इथे जातीचा दाखला लागत नाही. कपात झाल्याचा पुरावा लागतो आणि तो पगाराच्या स्लिपवरच असतो.

अमेरिकेत युनियन स्वतःच्या फंडातून सभासदांच्या मुलांना शिष्यवृत्त्या देतात. आपल्याकडे मोठा पैसा युनियनच्या पेटीत नसतो, तो कायद्यानं उभ्या केलेल्या निधीत असतो. इथल्या युनियनचं काम वेगळं: मालक हप्ता भरतो की नाही पाहायचं, निकाल लागला की सभासदांना फॉर्मची आठवण करून द्यायची आणि सही-शिक्क्यासाठी ऑफिसचे खेटे घालायचे. कंटाळवाणं काम, पण ते करणारा कार्यकर्ता असला की त्या खात्यातल्या कामगारांची मुलं शिष्यवृत्ती घेतात. तो नसला तर पंचवीस रुपये नुसतेच कापले जातात.

बांधकाम मजुरांची तऱ्हा निराळी. त्यांना ना स्लिप, ना कपात. त्यांच्यासाठी 1996 च्या केंद्रीय कायद्यांनी बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर बसवला. महाराष्ट्रात 2011 मध्ये त्यांचं वेगळं कल्याणकारी मंडळ झालं. चेंबूरच्या गल्लीगल्लीत जुन्या सोसायट्या पाडून टॉवर चढताहेत. त्यातल्या 20 कोटी खर्चाच्या एका इमारतीवर उपकर होतो 20 लाख. नोंदणी झालेल्या मजुराच्या मुलाला इंजिनिअरिंगसाठी वर्षाला 60 हजार मिळतात, म्हणजे एका टॉवरमधून तेहतीस मुलांचं एक वर्ष सुटतं. मेडिकलला 1 लाख, साध्या पदवीला 20 हजार, अकरावी-बारावीला वर्षाला 10 हजार. पहिली ते सातवी अडीच हजार आणि आठवी ते दहावी 5 हजार, मात्र हजेरी 75 टक्के हवी. मदत दोन मुलांपुरती असते. मजुराची बायको पदवीला बसली असेल तर तीही पात्र ठरते, आणि ही तरतूद कुणाला फारशी माहीत नसते.

कागदावर हे सगळं उदार आहे. अडतं ते नव्वद दिवसांवर. वय 18 ते 60 असावं आणि मागच्या वर्षभरात किमान 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असावा, ही नोंदणीची अट. एकाच ठेकेदाराकडे टिकून राहिलेल्या फिटरला तो मिळतो. सकाळी डबा आणि थापी घेऊन नाक्यावर उभ्या राहणाऱ्या गवंड्याचं काय? त्याचा मालक रोज बदलतो. सोमवारी प्लास्टर, मंगळवारी बाथरूमची टाइल, बुधवारी काहीच नाही. नव्वद दिवस भरलेले असतात, पण त्यावर सही करणारा माणूस सापडत नाही. मग एजंट सापडतो. शिवाय नोंदणीचं नूतनीकरण वेळच्या वेळी झालं नाही तर मुलाचा अर्ज अडतो. मुलं गावी शिकत असली तर शाळेचं बोनाफाईड तिकडून मागवायचं. मार्च 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देशभरात जमलेला हा उपकर मजुरांपर्यंत पोचत नसल्याबद्दल सरकारांना चांगलंच सुनावलं होतं. पैसा नव्हता असं कधीच नव्हतं.

सोलापूरच्या विडी कामगार बायकांच्या मुलांसाठी केंद्राची वेगळी शिष्यवृत्ती आहे. 1976 च्या कायद्यानं विडीवर लावलेल्या उपकरातून तिचा पैसा यायचा. 2017 मध्ये जी.एस.टी. आला आणि तो उपकर गेला. शिष्यवृत्ती चालू राहिली, पण आता ती सरकारच्या अंदाजपत्रकावर टेकून आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला 25 हजार आणि साध्या पदवीला 6 हजार, असे तिचे दर.

डॉक्टर व्हायचं असेल तर ई.एस.आय.चा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचा, मार्ग बघण्यासारखा आहे. महिना 21 हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराचा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के हप्ता तिथे जातो. ही योजना चालवणाऱ्या महामंडळाच्या मेडिकल कॉलेजांत विमाधारकांच्या मुलांसाठी जागा राखीव असतात. ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागतेच. त्याशिवाय आई किंवा बापाच्या विम्याच्या आधारावर महामंडळाकडून वेगळा दाखला काढावा लागतो, आणि तो प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होण्याआधी हातात असावा लागतो.