रिकाम्या टाकीतील ठेव

आमच्या दिवाणखान्यात गेले पाच आठवडे तीन फूट लांबीची काचेची टाकी उभी आहे. तिच्यात स्वच्छ खारे पाणी आहे, तळाशी पांढरी वाळू आहे, सच्छिद्र दगडांचे दोन लहान डोंगर आहेत. मासा मात्र एकही नाही. येणारा प्रत्येक पाहुणा काचेजवळ वाकून पाहतो आणि विचारतो, ‘‘मासे कुठे आहेत?’’ हळदीचा व्यापार करणारे एक जुने स्नेही तर परवा म्हणाले, ‘‘साहेब, दुकान थाटले, दिवे लावले आणि माल भरायलाच विसरलात!’’ मी हसून वेळ मारून नेली; पण त्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायचे तर मला सहा वर्षे मागे जावे लागते.

तेव्हा नातू नऊ वर्षांचा होता आणि वाढदिवसाला त्याला समुद्रातले रंगीत मासे हवे होते. मी नुकताच बँकेतून निवृत्त झालो होतो. हाती वेळ होता आणि नातवाला नाही म्हणण्याचे बळ नव्हते. टाकी आणली. कोकणातून येताना किनाऱ्यावरची वाळू पोत्यात भरून आणली, तिच्यावर नदीकाठचे गोटे रचले, मिठाचे पाणी केले आणि विक्रेत्याच्या भरवशावर तिसऱ्याच दिवशी तीन मासे सोडले. पाणी आरशासारखे नितळ होते. आठवड्याच्या आत तिन्ही मासे गेले. शेवटचा मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड आणून धापा टाकत होता आणि नातू विचारत होता, ‘‘आजोबा, त्याला काय होतंय?’’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, ‘‘हौस आपली झाली, जीव त्यांचा गेला.’’ आपल्या घरांत या वाक्याचे वजन काय असते, हे वाचकांना सांगायला नको.

नातू आता दहावीत आहे. यंदा सुट्टीत त्याने पुन्हा विषय काढला. पण या वेळी हट्ट नव्हता, प्रश्न होता: ‘‘आजोबा, तेव्हा आपलं काय चुकलं?’’ आजींनी अट घातली, की पुन्हा टाकी मांडायची असेल तर मांडणीसाठी एकही जीव खर्ची पडता कामा नये. त्या अटीवर आम्ही दोघे अभ्यासाला बसलो.

चूक समजायला वेळ लागला नाही. माशाच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशाच्या कल्ल्यांना जाळतो. समुद्रात काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने बरेच निरुपद्रवी असते आणि पाणी बदलून कमी करता येते. हे जिवाणू पाण्यात तरंगत राहण्यापेक्षा दगडाच्या छिद्रांत आणि वाळूच्या कणांवर वस्ती करतात. म्हणून खाऱ्या पाण्याच्या टाकीत दगड आणि वाळू ही शोभेची वस्तू नसून तिची खरी यंत्रणा आहे. आमची वाळू आणि गोटे त्या अर्थाने कोरे होते. खात्यात एक रुपयाही जमा नसताना आम्ही तीन धनादेश फाडले होते.

पहिला निर्णय दगडाचा. परदेशी पुस्तकांत ‘जिवंत दगड’ वापरण्याची जुनी पद्धत सांगितलेली असते. प्रवाळखडकातून काढलेल्या या दगडावर जिवाणूंबरोबर कृमी, स्पंज, बारीक शिंपले अशी अख्खी वसाहत असते. तो ओला गुंडाळून दूरवर पाठवला जातो आणि वाटेत त्यावरचे बरेच जीव मरतात. ते कुजताना जो अमोनिया सुटतो, त्यावरच नव्या टाकीतील चक्र सुरू होते. हे वाचले आणि आमच्यापुरता प्रश्न मिटला. शिवाय आपल्याकडे कायदाही स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दगडी प्रवाळांचा २००१ साली समावेश झाला. आपल्या समुद्रातील प्रवाळ काढणे वा विकणे गुन्हा आहे. कोणी विक्रेता ‘खास माल’ म्हणून असा दगड पुढे करील, तर व्यापारी वाचकांनी सावध असावे.

आम्ही कोरडा, कारखान्यात ओतून बनवलेला सच्छिद्र दगड घेतला. सुमारे १८ किलो. निवड करताना वजनाकडे न पाहता छिद्रांकडे पाहावे. हलका आणि जाळीदार दगड उत्तम. त्यात फॉस्फेट असल्यास पुढे शेवाळ माजते, म्हणून तो आठवडाभर शुद्ध पाण्यात भिजवून दोनदा पाणी बदलले.

दुसरा निर्णय वाळूचा. किनाऱ्यावरच्या वाळूत तेल, माती, सांडपाणी काय काय मिसळले असेल, ते सांगता येत नाही. त्याऐवजी ॲरागोनाइट नावाची वाळू मिळते. ती कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे शिंपल्यांच्या जातकुळीतली असते. कण एक ते दोन मिलिमीटरचे असावेत. त्याहून बारीक असतील तर पंपाच्या प्रवाहाने उडतात, फार जाड असतील तर फटींत घाण साचते. आमच्या टाकीला चार सेंटिमीटर थरासाठी २४ किलो वाळू लागली. थर फार जाड केला आणि पुढे कधी तो ढवळला गेला, तर तळाशी साचलेला विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू वर येऊ शकतो. वाळू बादलीत थोडी थोडी घेऊन, वरचे पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतली. नातवाने मोजले, प्रत्येक घाण्याला आठ ते दहा पाणी लागले.

आता मांडणी. मागच्या वेळी आम्ही वाळूवर गोटे रचले होते, ते उलटे होते. वाळू उकरणारे जीव दगडाखालचा आधार काढून घेतात आणि ढीग कोसळतो; काच फुटते किंवा खाली कोणी चिरडते. म्हणून दगड आधी. तळाच्या काचेवर प्लास्टिकची जाळी अंथरून मोठे दगड तिच्यावर टेकवले, वरचे दगड पाण्यात चालणाऱ्या इपॉक्सी लांबीने जोडले. हाताने हलवून पाहिले. डोलणारा दगड काढून पुन्हा बसवला. भिंतीसारखी रास न रचता दोन बेटे केली, म्हणजे मागूनही पाणी खेळते. चारही काचांपासून सहा-सात सेंटिमीटर जागा सोडली, म्हणजे काच पुसायला हात जातो. या सगळ्यानंतर दगडांभोवती वाळू ओतली.

एक सूचना घरच्या जमिनीविषयी. पाणी, दगड, वाळू, काच आणि स्टँड मिळून आमच्या टाकीचे वजन पावणेतीनशे किलोच्या घरात जाते. भरल्यावर ती सरकवता येत नाही. जागा, भिंत आणि पातळी आधीच तपासावी.

पाण्यासाठी आर. ओ. यंत्राचे पाणी घेतले आणि समुद्री मिश्रणाचे मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने वेगळ्या पिंपात मिसळून एक दिवस फिरवत ठेवले. स्वयंपाकाचे मीठ येथे चालत नाही. त्यात समुद्राची इतर खनिजे नसतात. विशिष्ट गुरुत्व १.०२५ आणि तापमान २६ अंश ठेवले. पाणी थेट वाळूवर न ओतता ताटलीवर हळूहळू सोडले. तरी पाणी दुधाळ झाले आणि दोन दिवसांनी निवळले.

आणि येथून खरी परीक्षा सुरू झाली. बाटलीतील जिवाणू सोडले आणि माशाच्या जागी अमोनियम क्लोराइडचे द्रावण घालून अमोनिया लिटरला दोन मिलिग्रॅम केला. नातवाने कीर्द उघडली. रोज संध्याकाळी चाचणीनळीतील रंग पाहून आकडा लिहायचा. पहिले दहा दिवस आकडा हललाच नाही. बाराव्या दिवशी अमोनिया उतरू लागला आणि नायट्राइट चढला. तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी साय धरली. ‘‘बिघडलं का हो?’’ म्हणून आजी चिंतेत पडल्या. ती सूक्ष्म डायटम शैवालाची साय नव्या टाकीत येते आणि आपोआप ओसरते, तशी ओसरली. तेहतिसाव्या दिवशी घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्यावर आला, नायट्राइटही शून्य. ठेव परिपक्व झाली होती.

मग रविवारी जेवणानंतर घर एकत्र बसले. मासा आणायचा का? समुद्री शोभेचे बहुतेक मासे खडकांतून पकडून आणलेले असतात. क्लाउनफिश मात्र टाकीत पैदास केलेला मिळू शकतो. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही त्याची पैदास साधली आहे. पण तो दहा वर्षांहून अधिक जगतो, त्याला रोज खायला लागते आणि त्याच्या तयार खाद्यातही बहुधा मासळीची भुकटी असते. वीज गेली, आपण यात्रेला गेलो, नातू शिकायला बाहेर गेला, तर पाहणार कोण? मुलगा म्हणाला, मोकळ्या समुद्रापेक्षा टाकीत शत्रू तरी नाही. सूनबाई म्हणाल्या, शत्रू नाही तसा समुद्रही नाही. मी बँकेतल्या सवयीने दोन्ही बाजू कागदावर मांडल्या. ताळा काही जुळेना.

शेवटी नातूच बोलला, ‘‘मागच्या वेळी आपण विचार न करता आणले. या वेळी विचार संपेपर्यंत नको.’’ दहावीची परीक्षा होईपर्यंत टाकी अशीच ठेवायचे ठरले. नायट्रेट शोषायला त्याने समुद्रशैवालाचा एक हिरवा गुच्छ सोडला आहे. जिवाणूंची उपासमार होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा अमोनियाचे काही थेंब घालतो आणि कीर्दीत नोंद करतो.

तेव्हा पाहुण्यांनी यावे, बसावे, मासे कुठे आहेत असेही खुशाल विचारावे. आजी आता स्वतःच उत्तर देतात: ‘‘ते समुद्रात आहेत. सध्या आमची तयारी चालली आहे.’’