लाडकी बहीण ई-केवायसी: एका 'बंधनकारक' रकान्याचा घोळ

मी नांदेडचा, वेब अ‍ॅप्लिकेशन बनवणं हे माझं काम. त्यामुळे ही बातमी मी जरा वेगळ्या नजरेनं वाचली.

१८ सप्टेंबर २०२५ ला सरकारनं लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी बंधनकारक केलं. मुदत दोन महिन्यांची. त्याच महिन्यात अतिवृष्टीनं नांदेड-लातूरकडची शेतं पाण्याखाली होती. पोर्टलवर बाईच्या आधारनंतर पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यांचा ओटीपी मागितला जायचा. ज्या बाईचा नवराही गेला आणि वडीलही, तिनं काय भरायचं? प्रश्न महिन्याच्या १५०० रुपयांचा होता.

माहिती डेटाबेसमध्ये जाण्याआधी नियमात बसते का हे तपासणं म्हणजे व्हॅलिडेशन. सगळ्यात सोपा नियम: 'हा रकाना रिकामा चालणार नाही'. कोडची एकच ओळ. पण ती ओळ गृहीत धरते की प्रत्येक बाईमागे एक हयात पुरुष आहे आणि त्याचा मोबाइल आधारला जोडलेला आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही एका फॉर्ममध्ये वडिलांचं नाव असंच बंधनकारक केलं होतं. लोकांनी तिथं नुसतं टिंब टाकलं आणि पुढे गेले. नियम कडक केला म्हणून डेटा खरा होत नाही.

यावर उपाय म्हणजे अटीवर चालणारा नियम. आधी वैवाहिक स्थिती विचारा, मग त्यानुसार पुढचा रकाना बंधनकारक करा. रेल्समध्ये नियमाला 'इफ' जोडता येतं. जँगोमध्ये मॉडेलच्या 'क्लीन' मेथडमध्ये दोन-तीन रकाने एकत्र तपासता येतात. फक्त लक्षात ठेवा, जँगोत नुसतं 'सेव्ह' केल्यानं ही तपासणी होत नाही, 'फुल क्लीन' वेगळं कॉल करावं लागतं.

नोव्हेंबरमध्ये सरकारनंही साधारण हाच मार्ग घेतला. मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली. पती किंवा वडील हयात नसलेल्या आणि घटस्फोटित बहिणींनी स्वतःचं ई-केवायसी करावं आणि मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचं प्रमाणपत्र किंवा कोर्टाचा आदेश जमा करावा, असं सांगितलं.

पण योजनेच्या २८ जून २०२४ च्या शासन निर्णयात 'परित्यक्ता' हाही शब्द आहे. नवरा सोडून गेलेला, वडील नाहीत, कोर्टात कधी गेलीच नाही, अशा बाईकडे या तिन्हींपैकी बहुधा एकही कागद नसतो. अट वाढली, तरी ती बाहेरच.

म्हणून मॉडेलमध्ये 'बरोबर' आणि 'चूक' यांच्या मधे तिसरी स्थिती हवी: 'पडताळणी बाकी'. अर्ज सेव्ह होऊ द्या, खूण करा, खात्री माणसाला करू द्या. लवचीक म्हणजे ढिला नव्हे. अपात्र लोक शोधायलाच हवेत, पण त्यासाठी पात्र बाईला दारातच अडवायची गरज नाही.

असा फॉर्म तुम्ही बनवणार असाल, तर शासन निर्णयातली पात्रतेची यादी उघडा. तीच तुमच्या टेस्ट केसेसची यादी. प्रत्येक शब्दासाठी एक अर्ज भरून बघा, मगच साइट लाइव्ह करा.